हशा कुठे अडतो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही एक आवाहन केलं होतं. ज्यांनी कित्येक दशकं लोकांना हसवलं अशा ज्येष्ठ विनोदवीरांचे कार्यक्रम प्रत्यक्ष पाहिले असतील, तर काय आवडलं, काय खटकलं ते कळवा. जॉनी लिव्हर, 'वऱ्हाड निघालंय लंडनला'चे लक्ष्मण देशपांडे आणि आता तोच प्रयोग करणारे संदीप पाठक, पु. लं.ची जुनी ध्वनिचित्रमुद्रणं, परदेशातले स्टँड-अप, असं बरंच काही पत्रांत आलं. एकाच कार्यक्रमाबद्दल एक पत्र म्हणतं 'पोट दुखेपर्यंत हसलो', दुसरं म्हणतं 'पैसे वाया गेले'. दोघंही खरं बोलत असतात. कलाकाराला दोष देण्याआधी सभागृह, खुर्ची, आवाज आणि शेजारचे प्रेक्षक यांचा हिशेब करायला हवा, असं आमचं ठाम मत आहे. तो हिशेब करूनही जी तक्रार उरते ती मात्र नि:संकोच कलाकाराच्या खात्यावर टाकावी. वय झालंय म्हणून सूट देऊ नये.

प्रश्न : एका नामवंत ज्येष्ठ विनोदवीराचा कार्यक्रम क्रीडासंकुलासारख्या मोठ्या बंदिस्त हॉलमध्ये पाहिला. आम्ही शेवटून चौथ्या रांगेत होतो. निम्मे विनोद कळलेच नाहीत. पुढे बसलेले आमचे मेव्हणे मात्र अजून त्याच कार्यक्रमाच्या आठवणी काढून हसतात. कार्यक्रम खरंच चांगला होता का? (ठाणे)

तुम्ही दोघांनी जवळपास वेगवेगळे कार्यक्रम पाहिले, असंच म्हणावं लागेल.

आधी घुमण्याचं बघू. बोलणं नीट कळावं यासाठी सभागृहात आवाज विरायला साधारण एक सेकंद लागावा, असं मानतात. पत्र्याचं छप्पर, काँक्रीटच्या भिंती आणि सपाट फरशी असलेल्या क्रीडासंकुलात तो दोन-तीन सेकंद रेंगाळतो. गाण्याला हे चालतं, विनोदाला चालत नाही. विनोदातला मुख्य शब्द बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी असतो आणि त्याच्या आधीचे शब्द हवेत अजून घुमत असताना तो तुमच्यापर्यंत येतो. मागच्या रांगेत वाक्याचा सूर पोचतो, शब्द पोचत नाही.

दुसरं कारण कलाकाराच्या अंदाजाचं आहे. डोळ्यांवर प्रकाशझोत असल्यामुळे त्याला पहिल्या आठ-दहा रांगांपलीकडचं फारसं दिसत नाही. हशा किती चढला, किती उतरला हे तो पुढच्यांच्या आवाजावरून ओळखतो. मुरलेला कलाकार हशा पूर्ण विरेपर्यंत थांबत नाही. तो दोन-तृतीयांश उतरला की पुढचं वाक्य टाकतो, नाहीतर वेग मोडतो. पण मोठ्या हॉलमध्ये मागचे लोक पुढच्यांपेक्षा थोडे उशिरा हसतात. पुढच्यांचा हशा उतरला म्हणून त्याने वाक्य टाकलं, तेव्हा तुमच्या आजूबाजूचा हशा ऐन भरात होता. नाटकवाले म्हणतात 'वाक्य लाफ्टरमध्ये गेलं', ते हेच. विनोदाला जोडून येणारी छोटी शेपटी, जी बऱ्याचदा मूळ विनोदापेक्षा सरस असते, ती तुमच्या भागात दर वेळी बुडली.

तिसरं म्हणजे पडदा. कॅमेऱ्यातून मोठ्या पडद्यावर चित्र जायला साधारण दोन ते चार फ्रेम लागतात, म्हणजे ८० ते १६० मिलिसेकंद. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ३५ मीटरवर बसलेल्याला मंचाजवळच्या स्पीकरचा आवाज शंभरेक मिलिसेकंद उशिरा येतो, त्यामुळे त्याला पडदा आणि आवाज योगायोगाने जुळलेले वाटतात. पण त्याच्याजवळ स्पीकरचा वेगळा संच असेल, तर भुवई नंतर उडते आणि वाक्य आधी येतं. ज्याचा विनोद चेहऱ्यावर उभा आहे, त्याचं यात फार नुकसान होतं. कारण तिथे आधी चेहरा बदलायला हवा आणि मग शब्द यायला हवा.

पुढच्या वेळी हे पाळा. चेहऱ्यावरचे बारीक भाव साधारण २० मीटरपर्यंतच डोळ्यांना टिपता येतात. हजारेक खुर्च्यांच्या आपल्या नाट्यगृहांत मधल्या भागातली सहावी ते बारावी रांग उत्तम. पहिल्या दोन रांगांत मान वर करावी लागते आणि मुख्य स्पीकरचा आवाज डोक्यावरून जातो. बाल्कनीच्या छताखालच्या शेवटच्या रांगा सर्वांत वाईट, कारण वरून परतणारा आवाज तिथवर येतच नाही. त्याच पैशांत बाल्कनीची पहिली-दुसरी रांग मिळत असेल तर ती घ्या. मुंबईचं षण्मुखानंद सभागृह पावणेतीन हजारांच्या आसपास खुर्च्यांचं आहे. पण ते गाण्या-बोलण्यासाठीच बांधलेलं असल्यामुळे तिथली वरची बाल्कनीही एखाद्या डोमच्या, म्हणजे घुमटाकार क्रीडासंकुलाच्या, मधल्या रांगेपेक्षा विनोदाला बरी. तिकीट काढताना कलाकाराइतकंच सभागृह बघा.

प्रश्न : पाच वर्षांपूर्वी ऐकलेलेच किस्से पुन्हा ऐकवले. ही फसवणूक नाही का? (नाशिक)

जाहिरातीत 'नवा कार्यक्रम' असं छापलं असेल तर आहे. नसेल तर आधी हे ठरवा, की तुम्ही कोणत्या परंपरेतला कार्यक्रम पाहायला गेला होतात.

आपल्याकडचा एकपात्री प्रयोग संहितेवर उभा असतो. पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी केली, तेव्हा लोक नवं ऐकायला जात नव्हते. पुस्तक वाचलेले, वाक्यं पाठ असलेले लोकच पुन्हा जात. लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९पासून 'वऱ्हाड' केलं. एकच माणूस, ५२ पात्रं आणि गोष्ट तीच. २००९मध्ये ते गेले आणि आज संदीप पाठक ती संहिता करतात. इथे 'तेच ते' ही तक्रार लागूच होत नाही. त्याच वाक्याला आज काय वजन दिलं, कुठे थांबला, एका पात्राचा आवाज आणि दुसऱ्याचा आवाज यांत किती अंतर राखलं, हे बघायचं असतं.

स्टँड-अपची रीत वेगळी. अमेरिकेत जॉर्ज कार्लिन यांनी १९७७ ते २००८ या काळात एका दूरचित्रवाहिनीसाठी १४ खास कार्यक्रम केले आणि एकदा प्रसारित झालेला मजकूर सोडून पुढचा नवा बांधायचा, ही शिस्त धरली. तासाभराचा पक्का मजकूर तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. छोट्या जागी रोज थोडं थोडं तपासून, पडलेलं काढून, उरलेलं घासून तो तासभर बनतो. हे न करता जुन्यावरच भागवणारा ज्येष्ठ कलाकार आळस करतोय, असं म्हणायला हरकत नाही.

आपले बरेच हिंदी-मराठी विनोदवीर या दोन्हींच्या मध्ये आहेत. त्यांच्या कार्यक्रमात ठरावीक 'गाजलेले' प्रकार लागतातच, ते नाही केले तर लोक ओरडून मागतात. आमच्या मते दीड तासाच्या कार्यक्रमात निम्मा भाग जुना असला तर ते रास्त. पण जुना भाग जुन्याच शब्दांत, जुन्याच संदर्भांसह आला, लँडलाइनचा विनोद अजून लँडलाइनवरच राहिला आणि त्याला 'तेव्हा असं होतं' अशी चौकटही दिली नाही, तर ते खरंच खटकायला हवं.

प्रश्न : मुलांना (वय १५ आणि १९) घेऊन गेलो. मिमिक्रीच्या भागात आम्ही दोघं हसत होतो, मुलं आमच्याकडे बघत होती. (कोल्हापूर)

नकलेला दोन तोंडं असतात. एक ओळखीचं, म्हणजे 'अरे, हा तर तोच!' आणि दुसरं त्या आवाजाकडून नको ते बोलवून घेण्याचं. पहिलं तोंड मूळ माणूस माहीत असल्याशिवाय उघडतच नाही. जॉनी लिव्हर यांची जडणघडणच या कलेवर झाली. धारावीत वाढलेला मुलगा हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात कामगार होता, तिथल्या साहेबांच्या नकला केल्या म्हणून सहकाऱ्यांनी त्याला 'लिव्हर' हे नाव दिलं. पुढे कल्याणजी-आनंदजींच्या कार्यक्रमांतून तो मोठ्या मंचावर आला. कारखान्यातला तो विनोद तिथे का चालला असेल? कारण साहेब समोरच्या प्रत्येकाच्या ओळखीचा होता. सिनेनटांच्या नकलांनाही हाच नियम. अशोककुमार किंवा प्राण यांचा आवाज पन्नाशीच्या माणसाला तीन शब्दांत पटतो, पंधरा वर्षांच्या मुलासाठी तो फक्त एक विचित्र आवाज असतो.

कसलेला कलाकार यावर उपाय करतो. नकलेआधी दोन वाक्यांत त्या नटाची लकब सांगून ठेवतो, किंवा त्या नटाला आजच्या प्रसंगात आणतो. ओला-उबरच्या चालकाशी भांडणारा जुना खलनायक मुलांनाही कळतो, कारण प्रसंग त्यांचा आहे. तिसरा उपाय म्हणजे सोबत पुढची पिढी आणणं. जॉनी लिव्हर आपली मुलगी जेमी हिच्यासोबत कार्यक्रम करतात. तिच्या बऱ्याच नकला अलीकडच्या कलाकारांच्या असतात, त्यामुळे सभागृहातल्या दोन्ही वयांना आपापला वाटा मिळतो. मुलांना नेण्याआधी कार्यक्रमात अंगविक्षेप, आवाज, प्रसंग यांचा भाग किती आणि निव्वळ नकलांचा किती, याची चौकशी करा. अंगविक्षेपांचा विनोद कोणत्याही वयाला पोचतो.

प्रश्न : पुढच्या रांगेत बसलं की कलाकार आपल्यालाच प्रश्न विचारतो. टाळायचं कसं? (पुणे)

चौथ्या रांगेत किंवा तिच्या मागे कुठेही, मधल्या वाटेपासून दूर बसा. बोललाच तर खरं आणि एका वाक्यात उत्तर द्या. स्वतः विनोद करायला गेलात की तो तुम्हाला सोडणार नाही.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवाला एका ज्येष्ठ विनोदवीराला बोलावतोय. चारशे लोक असतील. मागे एकदा अशाच कार्यक्रमात लोक अजिबात हसले नव्हते, तर काय काय जपावं? (सांगली)

असं विचारणारी मंडळं थोडी आणि कार्यक्रम पडला की कलाकाराला नावं ठेवणारी पुष्कळ. म्हणून सविस्तर लिहितो.

चारशे माणसांना साडेचारशेचा हॉल घ्या. नऊशेचा फुकट मिळत असला तरी नको. हसणं शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जातं, मध्ये रिकाम्या खुर्च्या असल्या की ते तिथेच थांबतं. मोठाच हॉल घ्यावा लागला तर बाल्कनी बंद ठेवा, मागच्या रांगांना दोरी लावा आणि मधला भाग भरल्याशिवाय कडेचा उघडू नका. कार्यकर्ते दारात उभे राहून लोकांना पुढे बसवतील, अशी व्यवस्था हवी. आल्यावर विनवण्या करून कुणी हलत नाही.

पहिली रांग आणि मंच यांत सहा ते आठ फूट अंतर असावं. आपल्याकडे तिथे पंधरा फूट मोकळी जागा सोडून त्यापुढे पाहुण्यांसाठी सोफे मांडतात. सोफ्यावरचे पाहुणे उशिरा येतात, फोनवर बोलतात, मोकळेपणाने हसायला संकोचतात आणि कलाकाराला नेमके तेच दिसतात. कार्यक्रम पडण्याचं हे सर्वांत मोठं कारण. सोफे काढून टाका. पाहुण्यांना तिसऱ्या-चौथ्या रांगेत मानाने बसवा आणि पहिल्या दोन रांगांत हसणारी माणसं, तरुण मुलं-मुली, महिला मंडळ यांना बसवा. गोल टेबलं तर मुळीच नकोत, निम्म्या लोकांची पाठ मंचाकडे होते.

माइक हातात धरायचा, वायरचा, साधा डायनॅमिक असावा. शूअर एसएम-५८ किंवा त्या जातीचा कोणताही चालेल. सोबत एक कॉर्डलेस राखीव, त्यात नवे सेल. कॉलरला लावायचा छोटा माइक देऊ नका. तो तोंडापासून वीतभर लांब असतो, म्हणून आवाज वाढवावा लागतो आणि स्पीकर शिट्टी मारायला लागतो. शिवाय नकला करणारा कलाकार माइक जवळ-लांब करून आवाज घडवतो. माइक ओठांजवळ आणला की आवाज जड होतो, लांब नेला की बारीक. कॉलर-माइकवर त्याचं हे हत्यारच हिरावलं जातं. मुख्य स्पीकर माइकच्या पुढे, दोन्ही बाजूंना. मागे कधीही नको. हॉल २० मीटरपेक्षा लांब असेल तर मध्यावर आणखी एक जोडी लावा, पण ती उशिरा वाजायला हवी. मंचापासून १५ मीटरवर असेल तर अंतराचे ४४ मिलिसेकंद आणि वर दहा-एक, म्हणजे ५५च्या आसपास. असं केलं की आवाज मंचाकडूनच येतोय असं मागच्यांना वाटतं. साउंडवाल्याला हा आकडाच सांगा, 'जरा अॅडजस्ट करा' म्हणून काही होत नाही.

प्रकाश दोन्ही बाजूंनी, समोरून, पांढरा, चेहऱ्यावर सावली न पाडणारा. फिरते रंगीत दिवे बंद. प्रेक्षागृह पूर्ण अंधारात नको. पुढच्या पाच-सहा रांगांवर अगदी मंद उजेड राहू द्या, म्हणजे कलाकाराला चेहरे दिसतील.

कलाकार वयस्क असेल तर मंचाच्या पायऱ्यांना कठडा आणि कडेला पांढरी पट्टी लावा. पाठ असलेलं उंच स्टूल ठेवा, बसायचं की नाही ते तो ठरवेल. कोमट किंवा साधं पाणी द्या, बर्फाचं नको. मेकअप रूम त्याच मजल्यावर, स्वच्छतागृहासह हवी. पायाशी एक मॉनिटर स्पीकर ठेवा. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत ओरडतो आणि वीस मिनिटांत घसा बसतो.

आता वेळ. दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, मनोगत, देणगीदारांची यादी, हे सगळं मिळून दहा मिनिटांवर गेलं तर कार्यक्रमाची हानी सुरू झाली असं समजा. चाळीस मिनिटं भाषणं ऐकून थकलेल्या माणसाला कुणीच हसवू शकत नाही. सत्कार कार्यक्रमानंतर ठेवा, कलाकाराचाही तेव्हाच करा. जेवण नंतर. कार्यक्रम चालू असताना चहा फिरवणं बंद. कार्यक्रम सलग ७५ ते ९० मिनिटं, मध्यंतर नको.

उघड्या मैदानावर घ्यायचा विचार असेल तर शक्यतो सोडाच. भिंती आणि छत नसल्यामुळे लोकांना एकमेकांचा हशा ऐकूच येत नाही. घ्यायचाच झाला तर खुर्च्या एकमेकींना चिकटवून मांडा, बाजूंनी कनाती लावा आणि लवकर सुरू करा. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. वर्षातल्या काही मोजक्या दिवशीच शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देतं. पावणेदहाला पोलीस आले की शेवटचा, सर्वांत चांगला भाग कापला जातो.

प्रश्न : वय झालेल्या कलाकाराबद्दल 'आता पूर्वीसारखं राहिलं नाही' असं म्हणणं अन्याय्य वाटतं. पण तसं वाटलं तर? (छत्रपती संभाजीनगर)

म्हणावं. फक्त नक्की काय राहिलं नाही, ते सांगावं.

पहिली पाच-सात मिनिटं मोजू नका. तेवढा वेळ नावाची पुण्याई पुरते. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, पहिल्या साध्या वाक्यालाही हसतात, तो त्यांच्या आठवणींना दिलेला मान असतो. खरी परीक्षा तिसाव्या ते पन्नासाव्या मिनिटात होते. तिथे लोक सैलावतात, खुर्च्या करकरतात, फोन चमकायला लागतात. तिथे त्याने सभागृह पुन्हा पकडलं की कला शाबूत आहे असं खुशाल समजा.

थांबणं आणि विसरणं यातला फरक ओळखा. मुद्दाम घेतलेल्या पॉजमध्ये नजर प्रेक्षकांवर रोखलेली असते, शरीर स्थिर असतं आणि सभागृहात ताण वाढतो. विसरलेला माणूस नजर खाली किंवा विंगेकडे नेतो, मागचंच वाक्य थोड्या वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणतो, पाणी पितो. एकदा-दोनदा झालं तर सोडून द्या. किस्स्यातली नावं अदलाबदल व्हायला लागली किंवा आधी पेरायची गोष्ट पेरलीच नाही आणि शेवट मात्र आला, तर विनोद तुटतो. त्याबद्दल लिहायला हवं.

आवाजाचं बघा. वयाबरोबर वरची पट्टी जाते, त्यामुळे लहान मुलांच्या किंवा बायकांच्या आवाजातल्या नकला आधी ढासळतात. हुशार कलाकार त्या काढून टाकतो, नाहीतर आवाजाऐवजी लकबीवर नेतो. मंचभर धावणारा माणूस आता स्टुलावर बसून फक्त मान आणि हात वापरत असेल, तर त्याला उतरण म्हणायची घाई करू नका. कमी हालचालीत तेवढाच हशा येत असेल तर ती प्रगती आहे. कार्लिन यांचा शेवटचा खास कार्यक्रम मार्च २००८मध्ये झाला, जूनमध्ये ते वयाच्या ७१व्या वर्षी गेले. शेवटचा तासही त्यांनी नव्याने बांधलेला होता. तेव्हा वय ही सबब पुरेशी नाही, हे लक्षात ठेवून मत बनवा.

हशा आणि टाळी वेगळी मोजा. हशा न सांगता फुटतो, टाळी विचार करून वाजते. देश, आई-वडील, मातृभाषा, सैनिक यांच्यावरच्या वाक्याला टाळी हमखास येते, त्यात विनोदाचं काम नसतं. कार्यक्रमाच्या उत्तरार्धात हशे कमी आणि टाळ्या जास्त झाल्या, तर कलाकाराने हसवणं सोडून भाषण धरलंय असं समजा. कित्येक ज्येष्ठ इथेच घसरतात आणि पत्रांमधली मनापासूनची निराशा बहुतेक याच वळणाची आहे.

आणखी एक, तिकिटाआधी विचारून घ्या : स्वतः कलाकार मंचावर किती वेळ? दोन तासांच्या कार्यक्रमात तीस मिनिटं दुसरे कलाकार, वीस मिनिटं गाणी आणि उरलेल्यात तो, असं असू शकतं. त्यात गैर काही नाही, पण जाहिरातीत ते लिहिलेलं असावं.

प्रश्न : यूट्यूबवर पाहिलेलाच कार्यक्रम प्रत्यक्षात फिका वाटला. (नागपूर)

चित्रमुद्रित कार्यक्रम बऱ्याचदा दोन किंवा जास्त प्रयोगांतून निवडून जोडलेला असतो. फसलेली वाक्यं कापलेली, प्रेक्षकांसाठी वेगळे माइक लावून हशा नीट घेतलेला आणि कॅमेरा ऐन वेळी चेहऱ्यावर. प्रत्यक्षात हे सगळं तुमच्या डोळ्यांना करावं लागतं. उलटही होतं. पु. लं.च्या मुद्रणांत कॅमेरा स्थिर, आवाज साधा. ते पाहून 'एवढं काय होतं?' असं विचारणाऱ्या तरुणांनी ते एकट्याने मोबाइलवर पाहिलेलं असतं. चार-पाच जणांनी मिळून, चांगल्या स्पीकरवर ऐका. पु. लं.ना सभागृहाचीही पक्की जाण होती. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराच्या उभारणीत त्यांनी स्वतः लक्ष घातलं होतं. ते १९६८मध्ये सुरू झालं.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. अधिवेशनात मराठी विनोदवीर येतात, पण निम्मे संदर्भ कळत नाहीत. (अमेरिका)

दोन बाजूंनी तुटतं. तुम्ही ज्या वर्षी देश सोडलात तिथे तुमचे संदर्भ थांबलेत आणि कलाकार गेल्या सहा महिन्यांतलं बोलतो. आयोजकांनी कलाकाराला आधी एक पानभर माहिती पाठवावी : श्रोत्यांचं सरासरी वय, बहुतेक लोक कधी आले, मुलांना मराठी किती कळतं, गावातली ठिकाणं, मंडळातल्या नेहमीच्या गमती. अनुभवी कलाकार त्यातल्या चार-पाच गोष्टी उचलतो आणि पहिल्या दहा मिनिटांत वापरतो, तेवढ्याने नातं जुळतं. परदेशी संमेलनाच्या सपाट हॉलमध्ये मागच्यांना पुढच्यांची डोकीच दिसतात, म्हणून मंच किमान तीन फूट उंच मागा.

प्रश्न : वडिलांना श्रवणयंत्र आहे. हशा झाला की त्यांना त्रास होतो. (सातारा)

यंत्र शांत खोलीतल्या बोलण्यासाठी लावलेलं असेल तर अचानक उठलेला हशा टोचतो. श्रवणतज्ज्ञाकडून सभागृहासाठी वेगळा प्रोग्रॅम बसवून घ्या, बऱ्याच यंत्रांत ती सोय असते. जागा पुढच्या एक-तृतीयांशात, कडेची घ्या, म्हणजे हशा एकाच बाजूने येईल. थेट स्पीकरसमोर बसवू नका.

प्रश्न : कार्यक्रम पाहून मत लिहायचं असेल तर काय लिहावं? (रत्नागिरी)

सभागृह, तारीख, रांग आणि भरणा किती होता, हे पहिल्या दोन ओळींत. कार्यक्रम छापील वेळेनंतर किती उशिरा सुरू झाला आणि मुख्य कलाकार प्रत्यक्ष किती मिनिटं मंचावर होता. भाषा कोणती, लहान मुलांना चालेल का. नवं-जुनं किती, अंदाजे. कुठे हसू आलं आणि कुठे थांबलं, तेही विनोदाचा शेवट न फोडता : 'दवाखान्याच्या रांगेचा प्रसंग' एवढं पुरे, शेवटचं वाक्य लिहिलंत तर पुढच्या प्रेक्षकाचं तिकीट तुम्ही निम्मं खर्च केलं. आवाज वाईट असेल तर ते आयोजकाच्या नावे लिहा, कलाकाराच्या नाही. घरी आल्यावर त्याच रात्री लिहा, कारण दुसऱ्या दिवशी इतरांची मतं वाचून आपलं मत सरकतं.

इतरांची मतं वाचताना तारे मोजू नका. 'जबरदस्त' आणि 'भंकस' एवढंच लिहिलेली सोडून द्या. तुमच्याच सभागृहातला, तुमच्याच वयाचा, रांग सांगणारा एखादा वाचक सापडला तर त्याच्या मतावर तिकीट काढा.

प्रश्न : आई आजारी असते, तिच्यासाठी मोबाइलवर दोन मिनिटं चित्रीकरण केलं तर काय बिघडतं? (डोंबिवली)

ती दोन मिनिटं पुढे जातात. घरच्या गटातून दुसऱ्या गटात आणि तिथून जाहीर. ज्या प्रसंगावर कलाकाराने वर्षभर काम केलं, तो पुढच्या गावात ऐकलेला असतो. शिवाय अंधारात उजळलेला पडदा मागच्या तीन-चार रांगांचं लक्ष ओढतो आणि कलाकारालाही दिसतो. अमेरिकेत काही विनोदवीर यासाठी प्रेक्षकांचे फोन कुलूपबंद पिशवीत घालायला लावतात. आपल्याकडे अजून विनंतीवर चालतं, ती पाळा. आईसाठी कलाकाराच्या अधिकृत वाहिनीवरचा एखादा पूर्ण प्रसंग शोधा आणि तो तिच्याजवळ बसून, मोठ्या पडद्यावर, आवाज बाहेरच्या स्पीकरला जोडून लावा.